एकशे विसावी खुर्ची

मावशींचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. २०२२ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. मावशी अश्दोदला असतात, इस्रायलमध्ये. ठाण्याला आमच्या चाळीत त्यांची खोली आमच्या भिंतीला लागून होती. बेने इस्रायल ज्यू कुटुंब, मूळचं अलिबागकडचं. एलियाहू हनाबीच्या नावाने मलिदा केला की गोड पोहे, ओलं खोबरं, केळी, खजूर असं भरलेलं ताट आमच्याकडे यायचं आणि आई ते ताट कधी रिकामं परत पाठवायची नाही. सत्तरच्या दशकात त्या तिकडे गेल्या, पण मराठी जशी नेली तशी जपली आहे. "अगं, १ तारखेला मत दिलं, निकाल लागला, सगळं झालं," त्या म्हणाल्या. "चार वर्षं पुरी झाली नाहीत तोवर पाचवी निवडणूक. पण माझ्या चिठ्ठीचं पुढे काय झालं, हे मला अजून कुणी नीट सांगितलं नाही. तू इतकी वर्षं शाळेत शिकवलंस, तूच मांडून दाखव." शाळेत मी मराठी शिकवलं, गणित कधीच नाही. तरीही मी हो म्हणून बसले.

मत कुणाला दिलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मतदान कसं होतं ते मात्र विचारून घेतलं. तिथे मतदारसंघच नाहीत, सगळा देश मिळून एक मतदारसंघ. खोक्यात पक्षापक्षाच्या चिठ्ठ्या रचून ठेवलेल्या असतात, चिठ्ठीला त्या 'पेतेक' म्हणतात. तिच्यावर ठसठशीत एक-दोन-तीन अक्षरं असतात. मजूर पक्षाची अक्षरं तेव्हा एकत्र वाचली तर 'एमेत' व्हायचं, म्हणजे सत्य. आपल्या पक्षाची चिठ्ठी पाकिटात घालायची आणि पाकीट पेटीत टाकायचं. उमेदवारांची यादी पक्षाने आधीच क्रमाने दिलेली असते. पक्षाला जितक्या जागा मिळतील, तितकी वरची नावं क्नेसेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, जातात. एकूण जागा १२०. मला वाटलं, यात अवघड ते काय? लिकुड पक्षाला २३.४१ टक्के मतं पडली होती. पाटीवर करतात तसं मी वहीत १२० चे २३.४१ टक्के काढले, २८ आले. लिकुडला मिळाल्या होत्या ३२. चार खुर्च्या कुठून आल्या, हे वहीतून उमगेना. मुलीचा जुना लॅपटॉप मी कपाटातून खाली काढला.

स्प्रेडशीट मी तोवर फक्त पाहिली होती, शाळेचे निकाल तीत यायचे. चौकटींचं मोठं कापड पसरल्यासारखं दिसतं. प्रत्येक चौकटीला सेल म्हणतात, मी तिला खण म्हणायला लागले. डाव्या रकान्यात पक्ष लिहिले, शेजारी मतं. लिकुड ११,१५,३३६. येश अतिद ८,४७,४३५. धार्मिक झायोनिस्ट ५,१६,४७०. नॅशनल युनिटी ४,३२,४८२. शास ३,९२,९६४. संयुक्त तोरा २,८०,१९४. इस्रायल बेतेनू २,१३,६८७. राआम १,९४,०४७. हदाश-ताआल १,७८,७३५. मजूर १,७५,९९२. तेरा-चौदा ओळी झाल्या. खाली बेरजेचं सूत्र घातलं, 'सम' नावाचं. उत्तर आलं शून्य. तीनदा आलं. उत्तरापुढे एकक लिहायचं हे स्वतःच्या शाळेपासून अंगात मुरलेलं, म्हणून मी प्रत्येक आकड्यापुढे 'मते' असा शब्द लिहिला होता. त्या एका शब्दाने आकडा आकडा राहत नाही, यंत्राच्या लेखी तो मजकूर होतो. आणि मजकुराची बेरीज होत नाही. एकक रकान्याच्या डोक्यावर एकदाच लिहायचं असतं.

मग भागाकार. वैध मतं एकूण ४७,६४,७४२. त्यांना १२० ने भागलं की एका जागेची किंमत निघणार, आणि ज्याच्या त्याच्या मतांना त्या किमतीने भागलं की ज्याच्या त्याच्या जागा. लिकुडच्या ओळीत सूत्र लिहिलं, उत्तर बरोबर आलं. खणाचा कोपरा धरून खाली ओढलं की सूत्र सगळ्या ओळींत उतरतं, हे मुलीने फोनवर सांगितलं होतं. ओढलं, तर खालच्या सगळ्या खणांत एकच बोंब: शून्याने भागता येत नाही. अर्धी दुपार त्यात गेली. सूत्र एक ओळ खाली सरकलं की त्यातले पत्तेही एक ओळ खाली सरकतात. किंमत एका खणात आणि माझं सूत्र ती शोधतंय त्याच्या खालच्या रिकाम्या खणात. पत्त्याला डॉलरचं चिन्ह लावलं की तो जागचा हलत नाही. डॉलरचा पैशाशी काही संबंध नाही, तो खिळा आहे. खिळा ठोकला तेव्हा बाहेर अंधार पडला होता.

आता जवळच्या पूर्णांकाला नेणारं 'राउंड' लावलं आणि जिंकलेल्या दहा पक्षांच्या जागांची बेरीज घेतली. १०९. सभागृहात ११ खुर्च्या रिकाम्या! मी सूत्रं उलटी-पालटी तपासली, चूक सापडेना. चूक सूत्रात नव्हतीच. ज्यांना एकही जागा मिळाली नाही, त्यांचीही मतं मी भागाकारात धरली होती. तिथे एक उंबरठा आहे. वैध मतांपैकी सव्वातीन टक्के मिळाली तरच पक्ष आत येतो, नाहीतर त्याची सगळी मतं वाटपाच्या हिशेबातूनच वगळली जातात. मावशींचा शब्द 'अखूज हाखासिमा', अडवणुकीचा टक्का. २०१४ पर्यंत तो दोन टक्के होता. मी उंबरठा आकड्यात काढला तर सुमारे १,५४,८५४ मतं. मेरेत्झ पक्षाला होती १,५०,७९३.

त्या खणापाशी मी बराच वेळ थांबले. १९९२ पासून कधी एकट्याने, कधी आघाडीत, पण प्रत्येक क्नेसेटमध्ये बसलेला हा पक्ष साधारण चार हजार मतांनी बाहेर राहिला. सैनिकांची, दवाखान्यात पडलेल्यांची मतं तिथे दुहेरी पाकिटांत येतात आणि शेवटी मोजली जातात. मावशी सांगत होत्या, त्यांच्या ओळखीतले कित्येक जण त्या पाकिटांकडे डोळे लावून जागत बसले होते. बलद पक्षाची १,३८,६१७ मतंही तशीच गेली. लहानसहान पक्ष धरून उंबरठ्याबाहेर राहिलेली मतं ४,१७,४००. आपल्याकडे पडलेल्या उमेदवाराची मतं वाया गेली असं आपण सहज म्हणतो, पण ती मतं आपल्याला अशी एका खणात, एका आकड्यात एकत्र दिसत नाहीत. मला इथे दिसली. सव्वाचार लाखांच्या जवळपास माणसं रांगेत उभी राहिली, पाकीट टाकलं, आणि वाटपाच्या वेळी ती जणू मतदानाला आलीच नव्हती. उंबरठा असू नये असं मी म्हणत नाही. वीस-पंचवीस पक्षांचं सभागृह चालवणं सोपं नसेल. पण सव्वातीन मला फार उंच वाटतो, आणि ते मी मावशींना तसंच सांगितलं.

तर उंबरठ्याच्या आतली मतं ४३,४७,३४२. भागिले १२०, म्हणजे एका जागेची किंमत ३६,२२७.८५. हा आकडा खिळ्याच्या खणात बसवला आणि 'राउंड'ची बेरीज पाहिली. बरोबर १२०! मला इतका आनंद झाला की रात्री दहाला, तिकडे साडेसहा वाजले असतील, मी यादीचा फोटो मावशींना पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं. "येश अतिदला २४ आहेत, तू २३ लिहिलेस. लिकुडचे ३२, तुझे ३१. संयुक्त तोराला एक जास्त दिलास. मजूरवाल्यांनाही एक जास्त." बेरीज बरोबर आणि चार ओळी चूक. बेरीज जुळली म्हणजे हिशेब जुळला, असं मी आयुष्यभर मानत आले होते.

त्या आठवड्यात मी वाचत गेले. प्रत्येकाचा पूर्णांक घ्यायचा, मग उरलेल्या जागा ज्याचा अपूर्णांक मोठा त्याला द्यायच्या, अशी एक रीत आहे. पूर्णांक घेतले तर ११३ जागा वाटल्या जातात, सात उरतात. त्या अपूर्णांकांच्या क्रमाने दिल्या की माझ्या 'राउंड'चीच यादी तंतोतंत येते. इस्रायलमध्ये पन्नाशी-साठीच्या दशकांत हीच रीत होती. १९७३ मध्ये योहानान बादेर आणि अव्राहाम ओफेर या दोन खासदारांनी, एक उजव्या बाकांवरचा, एक सत्ताधारी मजूर आघाडीतला, मिळून कायदा बदलून घेतला. तेव्हापासून चालत आलेल्या नव्या रीतीला तिथे बादेर-ओफेर रीत म्हणतात. बाकी जगात ती एकोणिसाव्या शतकातल्या बेल्जियमच्या व्हिक्टर डाँट यांच्या नावाने चालते. माझा हिशेब चुकीचा नव्हता तर. पन्नास वर्षं जुना होता.

डाँटची रीत मला तीन दिवस कळली नाही. कोकण शिक्षक मतदारसंघात मी पसंतीक्रम लिहून मत दिलं आहे, तिथला कोटा मला ठाऊक आहे. तो एकदा ठरला की ठरला. इथे तसं नाही. शेवटी मी ती लिलावासारखी समजून घेतली. प्रत्येक खुर्ची लिलावाला येते. ही खुर्ची मला मिळाली तर माझ्या प्रत्येक खुर्चीमागे किती मतं पडतील, तेवढी बोली पक्षाने लावायची. पहिल्या खुर्चीला लिकुडची बोली ११,१५,३३६, दुसऱ्या खुर्चीला त्याच्या निम्मी, तिसऱ्याला तिसरा हिस्सा. बोली उतरत जाते आणि मग लहान पक्षांची पाळी येते. १२० खुर्च्या संपल्या की लिलाव बंद. ही उपमा मावशींना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "अलिबागच्या मासळी बाजारासारखं की गं." तसंच.

तक्ता मांडायला घेतला. उभ्या बाजूला पक्ष, आडव्या बाजूला १, २, ३ असे भाजक. इथे एकच खिळा पुरेना. मतांचा रकाना सरकू द्यायचा नाही पण ओळ सरकू द्यायची. भाजकाची ओळ सरकू द्यायची नाही पण रकाना सरकू द्यायचा. अर्धा पत्ता ठोकलेला, अर्धा मोकळा. हे जमलं तेव्हा नुसतं ओढून तीनशे खण भरले आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले. मग मतांच्या क्रमाने ओळी लावाव्यात म्हणून मी फक्त मतांचा रकाना निवडून उतरता क्रम लावला. आकडे हलले, नावं होती तिथेच राहिली. या नव्या तक्त्यात मी राआमला हदाशच्या खाली लिहिलं होतं, त्यामुळे या दोघांची मतं आपसात बदलली. ते माझ्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. क्रम लावताना सगळा तक्ता एकत्र निवडायचा असतो.

तीनशे आकड्यांतले सर्वांत मोठे १२० कसे निवडायचे? 'लार्ज' नावाचं सूत्र आहे, त्याला मी 'मोठ्यांतला कितवा' म्हणते. त्याला १२० सांगितलं की एकशे विसावी बोली समोर येते. मग 'काउंटइफ', म्हणजे 'अमुक असेल तर मोज'. प्रत्येक ओळीत त्या बोलीइतके किंवा तिच्याहून मोठे खण किती, ते मोजायचं. लिकुड ३०, संयुक्त तोरा ८. पुन्हा चूक, आणि यावेळी लिकुडला आणखी एक कमी. मी लिकुडच्या ओळीवर बोट ठेवून उजवीकडे गेले. शेवटचा खण तिसावा. भाजक मी तीसच लिहिले होते. लिकुडचे तीसच्या तीस खण जिंकले होते आणि एकतिसाव्या बोलीसाठी तक्त्यात जागाच नव्हती. म्हणून ती खुर्ची संयुक्त तोराच्या आठव्या बोलीला, ३५,०२४ ला गेली. मोठ्या पक्षाला मी शिडीच आखूड दिली होती.

चाळीस रकाने केले. लिकुडची एकतिसावी बोली ३५,९७९ वर आली आणि तिने खुर्ची घेतली. येश अतिद २४, शास ११, तोरा ७, सगळं जुळत गेलं. राहिल्या दोन ओळी. माझ्याकडे लिकुड ३१, खरे ३२. माझ्याकडे मजूर ५, खरे ४. माझ्या तक्त्यातली एकशे विसावी बोली मजूर पक्षाची पाचवी होती, ३५,१९८. लिकुडची बत्तिसावी होती ३४,८५४. म्हणजे कमी बोलीवाल्याला खुर्ची मिळाली होती. दोन दिवस मी एकेक आकडा अधिकृत निकालाशी ताडून पाहिला. एकही चुकला नव्हता. शेवटी मावशींना फोन केला आणि सरळ सांगितलं, मला येत नाही.

"हेस्केम ओदाफीम धरलेस का?" त्यांनी विचारलं. मी शब्दही ऐकला नव्हता. हेस्केम म्हणजे करार, ओदाफीम म्हणजे उरलेलं. शिलकीचा करार. मतदानाच्या आधी दोन पक्ष जाहीर करतात की लिलावात आम्ही एक म्हणून बोली लावू. जोडीला जितक्या खुर्च्या मिळतील, त्या नंतर त्याच रीतीने आपसात वाटून घेऊ. दोघांनीही उंबरठा ओलांडला असेल तरच करार लागू होतो. लिकुडचा धार्मिक झायोनिस्टांशी होता, शासचा संयुक्त तोराशी, येश अतिदचा नॅशनल युनिटीशी. इतके दिवस मला जे सापडत नव्हतं, ते मावशींना घरबसल्या माहीत होतं. मी आधी विचारलंच नव्हतं.

नवं पान उघडलं. तीन जोड्या आणि चार एकटे, सात ओळी, यावेळी रकाने पन्नास. लिकुडची जोडी १६,३१,८०६, येश अतिदची १२,७९,९१७, शासची ६,७३,१५८. 'लार्ज'ला १२० सांगितलं. उत्तर ३५,४७४, लिकुडच्या जोडीची शेहेचाळिसावी बोली. मजूर पक्षाची ३५,१९८ तिच्याखाली राहिली. शेहेचाळीस खुर्च्या आपसात वाटताना लिकुडच्या बत्तिसाव्या बोलीने झायोनिस्टांच्या पंधराव्या बोलीला, ३४,४३१ ला, मागे टाकलं. ३२ आणि १४. येश अतिद २४, नॅशनल युनिटी १२, शास ११, तोरा ७, बेतेनू ६, राआम ५, हदाश ५, मजूर ४. दहाही ओळी जुळल्या. सगळ्या करारांनी मिळून एकच खुर्ची हलवली होती. मला आधी तो अन्याय वाटला. मग झायोनिस्टांची ओळ पाहिली. चौदा जागांच्या किमतीवर त्यांची नऊ हजारांहून जास्त मतं उरत होती, ती करार नसता तर कुणाच्याच कामी आली नसती. त्या मतदारांना निदान आपली शिल्लक कुठे जाणार हे आधी माहीत होतं. उंबरठ्याबाहेरच्या माणसांना तेवढंही मिळत नाही.

मग मी एकशे एकविसावी बोली पाहिली, जी थोडक्यात हुकली ती. शास आणि तोरा यांची एकोणिसावी, ३५,४२९. पंचेचाळिसाचाच फरक. बाकी सगळं तसंच ठेवून त्या जोडीची मतं मी हळूहळू वाढवत नेली, शंभर, पाचशे, आठशे. ८४९ वर दोन खणांचे रंग बदलले आणि एकशे विसावी खुर्ची लिकुडच्या जोडीकडून शासच्या जोडीकडे गेली. मी खाली ८४८ केलं, परत गेली. ८४९, इकडे आली. सत्तेचाळीस लाख मतांच्या तक्त्यात मी हे पुन्हा पुन्हा करून पाहत होते.

रविवारी मावशींना फोनवर पडदा दाखवला. चष्मा लावून त्यांनी ओळ न् ओळ वाचून घेतली आणि एका ओळीपाशी जरा जास्त थांबल्या. कोणत्या ते मी लिहीत नाही. ८४९ चा आकडा सांगितला तेव्हा त्या गप्प झाल्या. मग हिशेब करायला लागल्या. "आमच्या रांगेतल्या तीन-चार बिल्डिंगी झाल्या गं." आणि पहिल्या बिल्डिंगीपासून, तळमजल्यावरून, त्या दिवशी कोण मत द्यायला गेलं होतं आणि कोण घरी बसलं होतं, ते बोटांवर मोजू लागल्या.